चार दिवसांच्या फाइली कुठे ठेवायच्या, कधी पुसायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली झेरॉक्स सेंटरं, डीटीपीची दुकानं, फोटो स्टुडिओ, उद्यमबागेतली वर्कशॉपं आणि इंजिनिअरिंगची मुलं यांची मशीनं बघताना जे प्रश्न सतत कानावर येतात, त्यांची ही उत्तरं. सेटिंग्जची नावं विंडोज १० आणि ११ मधली आहेत. लिनक्स आणि क्लाउडचं शेवटाकडे आहे.

तात्पुरता डेटा म्हणजे नेमका कुठला?

काम उरकल्यावर जो नसला तरी कुणाचं अडत नाही, तो. प्रिंटरकडे जाताना तयार होणारी स्पूल फाइल, फोटोशॉपने डिस्कवर टाकलेले तुकडे, ब्राउझरची कॅश, झिपमधून बाहेर आलेल्या फाइली, गिऱ्हाइकाने प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग. याउलट टॅलीचा डेटा, साखर कारखान्यातल्या काट्याच्या नोंदी, पत्रिकेची शेवटची कोरल फाइल हा जपून ठेवायचा माल.

मळणी खळ्यावर करायची आणि धान्य कणगीत भरायचं, तसं या दोघांची जागा वेगळी हवी. आणि तात्पुरत्या फाइलीला ती तयार होते तेव्हाच मुदत लागलेली हवी. माझा सगळा आग्रह या दोन गोष्टींचाच आहे. डिस्क भरल्यावर रविवारी बसून साफसफाई करणं हा उपाय नाही, कारण तोपर्यंत कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही.

माझ्या फाइली जेमतेम वीस जीबीच्या. मग २५६ जीबीच्या एसएसडीची पट्टी भरून लाल कशी?

अंदाज बांधत बसू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज उघडा, जागा कशाने खाल्ली ते तिथे दिसतं. बहुतेक वेळा पुढची मंडळी सापडतात.

एक, हायबरनेशनची फाइल, म्हणजे मशीन झोपवताना रॅममधलं काम डिस्कवर उतरवायला राखलेली जागा. ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमच्या मशीनवर सहा जीबीच्या पुढे. दुसरी, विंडोजची मोठी अपडेट झाल्यावर मागे राहणारा जुन्या विंडोजचा फोल्डर. तो साधारण दहा दिवसांनी आपोआप जातो; मागे फिरायचं नसेल तर स्टोरेजमधल्या 'टेम्पररी फाइल्स' या भागातून आधीही काढता येतो. तिसरी, टेम्प फोल्डर. आणि चौथं म्हणजे डाउनलोड्स. आपल्या दुकानांत सगळ्यात मोठा ढीग इथेच असतो, कारण त्याला मुदत लावायचं कुणाच्या मनातच येत नाही.

टेम्प फोल्डर डोळे झाकून पुसला तर चालतं का?

डोळे झाकून नाही. आधी एवढं समजून घ्या: मशीन बंद करून चालू केलं की टेम्प आपोआप रिकामा होतो, हा गैरसमज आहे. विंडोजमध्ये तसं होत नाही. प्रोग्रामने आपल्यामागे आवरलं तर ठीक, नाहीतर फाइल वर्षानुवर्षं पडून राहते. विंडोज आणि आर की दाबून टक्केवारीचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्केवारीचं चिन्ह असं टाइप केलं की तुमचा टेम्प उघडतो.

आता पुसण्याआधी काय बघायचं ते. उद्यमबागेत ड्रॉइंगचं काम करणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ऑटोकॅड दर थोड्या मिनिटांनी चालू ड्रॉइंगची एक प्रत आपणहून वाचवतं आणि ती ठेवतं टेम्प फोल्डरमध्येच. तिच्या नावाच्या शेवटी एस, व्ही आणि डॉलरचं चिन्ह असतं. ड्रॉइंग नीट बंद झालं की ऑटोकॅड ती प्रत काढून टाकतं. ऐन कामात लाइट गेली किंवा प्रोग्राम कोसळला, की मात्र ती तिथेच राहते, आणि दुपारभर केलेल्या कामाची तेवढी एकच खूण उरलेली असते. शेवटची अक्षरं बदलून डीडब्ल्यूजी केली की ती ऑटोकॅडमध्ये उघडते. अशा वेळी कुणी 'मशीन स्लो झालंय' म्हणून टेम्प साफ केला, तर फिक्श्चरचं अख्खं ड्रॉइंग पुन्हा काढायची पाळी येते. म्हणून मशीन अचानक बंद पडल्यावर पहिली गोष्ट टेम्प तपासायची, साफ नंतर करायचा.

दुसरा धोका झिपचा आणि मेलचा. झिप फाइलीच्या आतली वर्ड फाइल तिथल्या तिथे डबल क्लिक करून उघडली, तर प्रत्यक्षात उघडते टेम्पमधली प्रत. आउटलुकमधल्या अटॅचमेंटचंही तसंच, फक्त तिचा फोल्डर आणखी आत लपलेला असतो. त्यात बदल करून नुसतं 'सेव्ह' दाबलं की सगळं त्या लपलेल्या प्रतीत जातं. संध्याकाळी मूळ फाइल जुनीच दिसते आणि माणूस हवालदिल होतो. आधी 'सेव्ह ॲज' करून आपल्या फोल्डरात आणायची, मगच हात लावायचा.

साधा नियम असा: सगळे प्रोग्राम बंद करा आणि आठवड्याहून जुन्या फाइलीच काढा. विंडोजचं जुनं डिस्क क्लीनअपही आठवडाभर न बदललेल्या टेम्प फाइलीच काढतं. 'फाइल वापरात आहे' असा निरोप आला तर तिला सोडून द्या.

स्टोरेज सेन्स चालू करू का?

करा, पण एक घर बघून. विंडोज १० मध्ये २०१७ साली आलेली ही सोय बरी आहे: टेम्प फाइली आणि रिसायकल बिनमधला ठरावीक दिवसांहून जुना माल ती आपोआप काढते. बिनला ३० दिवस पुरेत. डाउनलोड्सचं घर मुळात 'कधीच नाही' वर असतं. तिथे आकडा टाकण्याआधी विचारा: या मशीनवर डाउनलोड्समध्ये कुणी कामाच्या फाइली ठेवतं का? आपल्याकडे बहुतेक दुकानांत ठेवतात. आधी त्या हलवा, मग मुदत लावा.

झेरॉक्स सेंटर आहे. गिऱ्हाइकांची आधार, पॅन, उतारे यांचं काय करायचं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हे आहे.

आपल्या भागात दुकानदाराच्या हाती लोक इतर ठिकाणांपेक्षा जास्त कागद देतात. सरकारी अर्ज कन्नडमध्ये, अर्ज भरणारे आजोबा मराठी वाचणारे. मग ते आधार, बँक पासबुक, जमिनीचा उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळं काउंटरवर ठेवतात आणि 'तूच भर बाबा' म्हणतात. ओटीपीसुद्धा मोठ्याने वाचून दाखवतात. हा विश्वास आहे, आणि तो डेस्कटॉपवर 'स्कॅन००४७' नावाने उघडा पडलेला असतो. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या कुणालाही तो दिसतो.

एका कागदाच्या तुमच्या मशीनवर किती प्रती होतात ते बघा. व्हॉट्सॲपवरून आलेली डाउनलोड्समध्ये. स्कॅन केली तर स्कॅनच्या फोल्डरात. क्रॉप केली की पिक्चर्समध्ये. पेनड्राइव्हवरून घेतली तर डेस्कटॉपवर. पुसली तर रिसायकल बिनमध्ये. आणि प्रिंट मारली की स्पूलच्या फोल्डरात.

स्पूलचं जरा खुलासेवार सांगतो. प्रिंट दिली की विंडोज त्या पानाच्या दोन फाइली सिस्टिम३२ मधल्या स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरात लिहितं: एकीत पानाचा मजकूर, दुसरीत कुणी, कुठल्या प्रिंटरला दिली ही माहिती. पान छापून झालं की दोन्ही जातात. पण प्रिंटर प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड इथे 'छापलेली कागदपत्रं ठेवून द्या' अशा अर्थाची एक खूण असते. ती कुणी चुकून लावली असेल, तर छापलेला प्रत्येक कागद मशीनवर साठत जातो आणि कुणाला पत्ता नसतो. आज दुकान उघडल्यावर आधी ती खूण काढलेली आहे ना ते बघा. अडकलेल्या प्रिंट्सही अशाच मागे राहतात. सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवायचा, तो फोल्डर रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा सुरू करायचा.

रोजची पद्धत अशी लावा. डी ड्राइव्हवर 'गिऱ्हाईक' नावाचा एकच फोल्डर. ब्राउझरची डाउनलोडची जागा, स्कॅनरची जागा, व्हॉट्सॲपमधून सेव्ह करायची जागा, सगळ्यांचं तोंड तिकडेच वळवा. आत रोजच्या तारखेचा फोल्डर. दुकान बंद करताना त्या दिवसाचा फोल्डर शिफ्ट-डिलीट. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. गिऱ्हाईक उद्या येतो म्हणाला तर त्याचा तेवढा कागद उद्याच्या तारखेत टाका.

तारखेचे फोल्डर कशाला, असं विचाराल. आपोआप पुसणाऱ्या बऱ्याच सोयी, विंडोजची फोरफाइल्स कमांड धरून, फाइल शेवटची कधी बदलली ते बघतात. पेनड्राइव्हवरून कॉपी केलेल्या फोटोची ती तारीख जुनीच राहते. म्हणजे आज सकाळी आलेला, पण गेल्या दिवाळीत काढलेला फोटो 'सात दिवसांहून जुना' ठरून आज रात्रीच उडतो. फोल्डरच्या नावात तारीख असली की हा घोळ होत नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. दर वेळी टाकायला नको म्हणून पासवर्ड काढलेली प्रत करून ठेवू नका. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार चालतं, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसायची, दुसऱ्या एखाद्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तेवढी सोडून.

मग सायबर कॅफेचं रजिस्टरही पुसायचं?

नाही! ते तात्पुरतं नाही. २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे ग्राहकांच्या नोंदी, पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि प्रॉक्सी सर्व्हरचे लॉग (मशीन आपोआप लिहितं त्या नोंदी) किमान एक वर्ष जपायचे आहेत. सर्व्हर चालवणाऱ्या कंपन्यांसाठी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा आदेश आहे: लॉग १८० दिवस. त्यामुळे लॉगना मुदत लावताना आधी कायद्याचा आकडा बघा, डिस्कची सोय मागून.

फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणतं, पण डी ड्राइव्ह अर्धा रिकामा आहे.

कारण स्क्रॅच, म्हणजे फोटोशॉपची तात्पुरते तुकडे टाकायची जागा, सी वर आहे. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय ३६ इंचाचं पान ३०० डीपीआयला घेतलं तर ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होतात. साध्या आठ बिट आरजीबीत त्याचा एक भरलेला लेयर सुमारे ११७ एमबी. वीस लेयर म्हणजे सव्वादोन जीबीच्या वर, आणि त्यावर प्रत्येक अंडूची आठवण वेगळी. रॅममध्ये मावत नाही ते सगळं स्क्रॅचमध्ये जातं.

प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स इथे दुसरी वेगवान डिस्क निवडा. जुनी फिरती हार्ड डिस्क देऊ नका, काम रडतखडत चालेल. फोटोशॉप कोसळलं असेल तर 'फोटोशॉप टेम्प' अशा नावाने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइली मागे राहतात. फोटोशॉप बंद असताना त्या काढा. व्हिडिओवाल्यांनी प्रीमिअरची मीडिया कॅश बघावी. ती मुळात सी वर असते, आणि ठरावीक दिवसांनी आपोआप पुसायची सोय प्रेफरन्सेसमध्येच आहे. ही कॅश पुसली तर प्रीमिअर ती पुन्हा बनवतं, फक्त पहिल्यांदा उघडताना वेळ लागतो. कार्डवरून घेतलेलं मूळ शूटिंग मात्र कॅशच्या फोल्डरजवळ ठेवूच नका. लग्नसराईत घाईने 'मोठं दिसतंय ते उडव' असं होतं, आणि सप्तपदी पुन्हा घेता येत नाही.

लग्नपत्रिकेच्या 'फायनल', 'फायनल२', 'फायनल नक्की' फाइली किती दिवस ठेवायच्या?

मधल्या सगळ्या प्रूफ पीडीएफ पत्रिका छापून गेल्यावर महिनाभर ठेवा. नावातली चूक कुणाची हे तेवढ्यात ठरतं. मग एकच कोरल फाइल आणि एकच छपाईची पीडीएफ ठेवा. मराठी आणि कन्नड दोन्ही मजकूर असेल तर अक्षरं कर्व्ह केलेली एक प्रतही ठेवा, कारण दोन-चार वर्षांनी दुसऱ्या मशीनवर तेच फॉन्ट असतील याची खात्री नसते.

सीसीटीव्हीची डिस्क किती दिवस पुरते?

हा हिशेब सोपा आहे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) घेण्याआधीच करायला हवा. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट लिहितो असं धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे २१.६ जीबी. चार कॅमेरे ८६.४ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर साधारण साडेअकरा दिवस. त्यानंतर डीव्हीआर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच जागी नवं लिहितो.

तात्पुरता डेटा कसा सांभाळावा याचा हा चांगला नमुना आहे: जागा ठरलेली, मुदत ठरलेली, कुणी हात लावायची गरज नाही. धोका एवढाच, की डिस्क तुमच्यासाठी थांबत नाही. निपाणीला तंबाखूच्या गोदामात माल कमी भरल्याचं पंधरा दिवसांनी मोजणीत कळलं, तर त्या दिवसाचं रेकॉर्डिंग गेलेलं असतं. गोदामाची मोजणी महिन्याला होत असेल, तर रेकॉर्डिंग महिन्याहून जास्त पुरायला हवं. एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीचा डीव्हीआर जुन्या पद्धतीपेक्षा तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा घेतो. काही घडलं की त्याच दिवशी तेवढा भाग पेनड्राइव्हवर काढून घ्या.

रॅम डिस्क करून टेम्प तिच्यावर टाकला तर मशीन पळेल?

रॅम डिस्क म्हणजे रॅमचाच थोडा भाग डिस्क म्हणून वापरणं. थोडं पळेल. पण रॅममधलं सगळं लाइट गेल्यावर जातं, आणि खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही. वर सांगितलेली ऑटोकॅडची वाचवलेली प्रतही टेम्पमध्येच असते. म्हणून ड्रॉइंगच्या किंवा हिशेबाच्या मशीनवर हा उद्योग करू नका. एसएसडी असेल तर फरकही फारसा जाणवत नाही.

टेम्प फाइलींनी एसएसडी झिजते का?

झिजते, पण दुकानाच्या वापरात ती काळजी करण्याएवढी नसते. डिस्क काठोकाठ भरलेली ठेवणं जास्त वाईट, त्याने लिहिणं मंदावतं. दहा-पंधरा टक्के मोकळी ठेवा.

क्लीनर सॉफ्टवेअर कुठलं घालू?

कुठलंच नको. विंडोजमध्ये आहे तेवढं पुरतं. फुकटचे क्लीनर रजिस्ट्रीत हात घालतात आणि मग मशीन आमच्याकडे येतं.

लिनक्सवर टीएमपीमध्ये ठेवलेली फाइल गायब झाली. असं का?

टीएमपी हा लिनक्सचा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर, आणि तिथे मुदत आधीच लावलेली असते. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या मूळ नियमाप्रमाणे टीएमपीमधली फाइल दहा दिवसांनी आणि व्हार-टीएमपीमधली तीस दिवसांनी जाते. वितरणाप्रमाणे हे बदलतं, म्हणून आपलं तपासा. शिवाय फेडोरात, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही, टीएमपी मुळात रॅममध्ये असतं, फार तर अर्ध्या रॅमएवढं. मशीन बंद झालं की रिकामं. रीस्टार्टनंतरही लागणारं व्हार-टीएमपीत, आणि गमावायचं नाही ते दोन्हीकडे नाही.

सर्व्हरवरची मोठी लॉग फाइल पुसली, तरी जागा मोकळी झाली नाही.

कुठला तरी प्रोग्राम ती अजून उघडी धरून बसला आहे. लिनक्समध्ये नाव गेलं तरी धरणारा सोडेपर्यंत जागा सुटत नाही. तो प्रोग्राम रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी फाइल पुसण्याऐवजी ती रिकामी करा, आणि कायमचा उपाय म्हणून जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावा. जागा आहे पण नवी फाइल बनत नाही, असं असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंदीची जागा) संपलेत का बघा; लाखो बारीक सेशन फाइली साठल्या की हे होतं.

व्हीटीयूचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कोलॅबवर आहे. रात्रभर ट्रेन केलेलं मॉडेल सकाळी नाही.

कोलॅब म्हणजे गूगलचं ब्राउझरातून वापरायचं मशीन; त्याची डिस्क त्या सेशनपुरती असते. फुकटच्या वापरात सेशन जास्तीत जास्त बारा तास, आणि मध्ये नुसतं पडून राहिलं तर त्याआधीही बंद होतं. दर थोड्या वेळाने चेकपॉइंट (मॉडेलची तोवरची प्रत) गूगल ड्राइव्हवर लिहा. नोटबुक ड्राइव्हवर असतं म्हणून मॉडेलही तिथेच असेल, असं समजू नका.

पुण्या-बेंगळुरूला नोकरीला गेल्यावर हेच मोठ्या रूपात भेटेल. ॲमेझॉनच्या क्लाउड मशीनला चिकटलेला इन्स्टन्स स्टोअर (तात्पुरती डिस्क) मशीन थांबवल्यावर जातो. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर क्लाउडमधल्या विंडोज मशीनवरचा तात्पुरता डी ड्राइव्ह तर आत 'इथे डेटा जाऊ शकतो' अशी इशाऱ्याची फाइल घेऊनच येतो. आपल्याकडे डी ड्राइव्ह म्हणजे सुरक्षित, ही सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की हा फरक पहिल्याच दिवशी ध्यानात घ्या.

डेटाबेसमध्ये रोज लाखभर ओटीपी आणि सेशन साठतात. रात्री डिलीट चालवलं की सगळं अडतं.

ओळ लिहितानाच तिला मुदत द्या. रेडिस या डेटाबेसमध्ये की, म्हणजे नोंदीला, सेकंदांत मुदत लावता येते. मोंगोडीबीत मुदत संपलेल्या नोंदी काढणारा टीटीएल इंडेक्स आहे. त्याचं पुसणारं काम दर साठ सेकंदांनी चालतं, म्हणून ओळ अगदी त्या क्षणी जाईल असं धरू नका, मुदत संपली का हे कोडमध्येही तपासा. साध्या डेटाबेसमध्ये दिवसागणिक पार्टिशन (टेबलाचा वेगळा भाग) करा आणि जुनं पार्टिशन अख्खं काढून टाका. ओळी एकेक पुसण्यापेक्षा ते कितीतरी झटपट होतं.

दुकानातलं जुनं झेरॉक्स मशीन विकायचंय. त्यात काही राहतं का?

मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते, आणि छापलेल्या व स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. विकण्याआधी सर्व्हिसवाल्याला बोलवून मेनूतलं डेटा पुसण्याचं काम चालवून घ्या, किंवा डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. कॉम्प्युटर विकताना नुसतं फॉरमॅट पुरत नाही. विंडोजच्या रीसेटमध्ये 'सगळं काढा' निवडून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय चालू करा; फिरत्या हार्ड डिस्कला त्यात काही तास लागतात, म्हणून हे काम रात्री लावा आणि मशीन इन्व्हर्टरवर असू द्या.